जर्मनीच्या थंडीचं राहू दे, आधी नाशिकच्या परीक्षेचं बघ

प्रश्न: मी नाशिकच्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा जर्मनीतल्या एका संस्थेशी करार आहे आणि येत्या ऑक्टोबरपासूनच्या एका सेमिस्टरसाठी माझी निवड झाली आहे. तिथली फी माफ, पण राहण्याखाण्याचा खर्च आमचा. बाबा म्हणतात, ऐन शेवटच्या वर्षात सहा महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, प्लेसमेंट बुडेल. आईला थंडीची आणि जेवणाची काळजी. मला धास्ती आहे ती तिथला अभ्यास झेपेल का आणि एकटं पडायला होईल का, याची. तिथे गेल्यावर नेमकं काय काय होतं? तयारी कुठून सुरू करू?
एक विद्यार्थिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: तुमच्या घरात जितक्या काळज्या आहेत त्यांतली बाबांची सगळ्यात खरी, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. थंडी, जेवण, एकटेपणा यांतून मुलं निभावून जातात. एक्स्चेंजचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा तारखांवर आणि क्रेडिटवर. तू तिथे डिग्रीसाठी चाललेली नाहीस. नाशिकच्या कॉलेजची विद्यार्थिनी म्हणून जाणार आणि तशीच परत येणार. मधल्या सेमिस्टरचा हिशोब इथल्या परीक्षा विभागाला पटला नाही, तर तिथे कितीही चांगले मार्क मिळव, इथे तुझे विषय बाकीच राहतात.

दोन्हीकडची कॅलेंडरं शेजारी ठेवून बघ. आपल्याकडे सातवं सेमिस्टर जुलैच्या सुमारास सुरू होऊन डिसेंबरपर्यंत आटोपतं आणि डिसेंबर-जानेवारीत आठवं सुरू होतं. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तास ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात आणि परीक्षा त्यानंतर, काही विषयांच्या तर मार्चमध्ये. तुझी संस्था विद्यापीठ नसून उपयोजित विज्ञानाचं हॉखशूल असेल, तर हेच सगळं साधारण दोन-तीन आठवडे आधी सुरू होतं आणि आधी उरकतं. संस्था नेमकी कोणती आणि तिच्या परीक्षा कधी संपतात, हे आजच विचार. फेब्रुवारीच्या मध्यावर परतणं वेगळं आणि मार्चअखेर परतणं वेगळं. तोपर्यंत आठव्या सेमिस्टरची हजेरी, टर्मवर्क, चालू परीक्षा आणि मुख्य म्हणजे प्रोजेक्ट कुठल्या कुठे गेलेलं असतं.

यावर उपाय आहेत, पण ते जाण्याआधी करायचे. काही जर्मन प्राध्यापक एक्स्चेंजच्या मुलांची तोंडी परीक्षा तासांच्या शेवटच्या आठवड्यात घेतात. मात्र ते ऑक्टोबरमध्येच विचारलं पाहिजे. जानेवारीत विचारलंस तर नकारच येईल. इकडे विभागप्रमुखांकडून आठव्या सेमिस्टरच्या सुरुवातीच्या आठवड्यांची हजेरी माफ असल्याचं पत्र घे. तोंडी ‘हो हो, बघू आपण’ यावर विसंबू नकोस; सहा महिन्यांत विभागप्रमुख बदलतात, समन्वयक नोकरी सोडतात. प्रोजेक्टचा ग्रुप जुलैमध्येच पक्का कर आणि तुझ्या वाट्याला डिझाइन, सिम्युलेशन असं लांबून होणारं काम घे. फॅब्रिकेशन सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये उभं राहूनच करावं लागतं, ते ग्रुपमधल्या बाकीच्यांना करू दे. तिथल्या संस्थेत प्रोजेक्टचा विषय घेऊन त्याचेच क्रेडिट इथे धरता येत असतील तर सोन्याहून पिवळं.

आता क्रेडिट. जाण्याआधी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा तक्ता भरायचा असतो. एका बाजूला तिथला विषय, दुसऱ्या बाजूला त्याच्या बदल्यात माफ होणारा इथला विषय, आणि खाली तुझी, आपल्या कॉलेजची आणि त्यांच्या संस्थेची सही. हा कागद नुसता फॉर्म समजून भरतात आणि तिथेच चुकतं. युरोपात सेमिस्टरला ३० ईसीटीएस क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम मोजतात. त्यात वर्गातले तास आले आणि घरचा अभ्यासही आला. आपल्याकडे क्रेडिट वर्गातल्या तासांवर ठरतं. त्यामुळे त्यांचं एक क्रेडिट म्हणजे आपलं एक, असं धरता येत नाही. पाच ईसीटीएसचा विषय आपल्या किती क्रेडिटचा, हे तक्त्यात आकड्यानं लिहून घे.

गुणांचंही तेच. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम शेरा, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. तुला २.३ मिळाले तर ते चांगले आहेत, पण इथल्या परीक्षा विभागातल्या बाबूंनी ते दहापैकी २.३ समजून घेतले की सीजीपीए कोसळलाच. असं होऊ नये म्हणून गुणांतराचा तक्ता किंवा सूत्र कॉलेजच्या शिक्क्यासह आधीच हातात ठेव. तुमचं कॉलेज स्वायत्त आहे ही जमेची बाजू. विषयांची समकक्षता कॉलेजच्या पातळीवरच ठरवता येते. विद्यापीठाला संलग्न कॉलेजातल्या मुलांना तोच कागद पुण्यापर्यंत फिरवावा लागतो.

एवढं करूनही तिथे गेल्यावर दोन-तीन विषय बदलावे लागतातच. कधी यादीत इंग्रजी म्हणून दिलेला विषय जर्मनमध्ये निघतो, कधी दोन विषयांचे तास एकाच वेळी येतात, कधी तो विषय फक्त उन्हाळी सेमिस्टरलाच असतो. म्हणून सहा विषयांची समकक्षता मंजूर करून ठेव आणि प्रत्यक्षात चार किंवा पाच घे. विषय इंग्रजीत शिकवतात का, एवढंच विचारून थांबू नकोस. परीक्षाही इंग्रजीत देता येते का, तेही विचार. बदल पहिल्या काही आठवड्यांतच करता येतात. ते केल्यावर सुधारित तक्ता स्कॅन करून नाशिकला पाठव आणि सही होऊन परत येईपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद असतं, हेही लक्षात ठेव.

प्लेसमेंटचं बाबांना असं सांग: जुलै ते सप्टेंबर तू नाशिकमध्येच आहेस, त्यात येणाऱ्या कंपन्यांना बसता येईल. नंतरच्या मुलाखती ऑनलाइन द्यायच्या. फक्त घड्याळ सांभाळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. नाशिकमध्ये सकाळी दहाची मुलाखत म्हणजे तुझ्याकडे पहाटे साडेपाच. काही कंपन्या प्रत्यक्ष हजेरीच मागतात आणि त्या हातच्या जातील, हे खरं आहे. एखादी ठरावीक कंपनी डोळ्यांसमोर असेल तर हे आत्ताच तोलून बघा.

व्हिसाला मे-जूनमध्येच लागायचं. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असल्यानं शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) पर्यटक व्हिसा चालत नाही. राष्ट्रीय म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा लागतो, त्याची फी ७५ युरो. अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, मग मूळ कागद आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईत व्हीएफएसच्या, म्हणजे दूतावासातर्फे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, केंद्रावर जायचं. महाराष्ट्र मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो. निर्णयाला दोन-तीन महिने लागू शकतात असं धरून चाल. कागदांची यादी उतरवताना डिग्रीसाठी जाणाऱ्यांची न घेता एक्स्चेंज विद्यार्थ्यांची घे; मित्रमैत्रिणींच्या सांगण्यावरून भलतीच यादी धरून बसणारे बरेच असतात. आणि पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर सकाळी अकराची वेळ घेऊ नकोस. कसारा घाटात गाडी अडकली तर वेळ हुकते आणि नवी वेळ कधी मिळेल याचा नेम नाही. आदल्या दिवशी मुक्कामाला जा किंवा दुपारची वेळ घे.

पासपोर्ट परत आला की पाकीट तिथेच उघड आणि व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी वाच. नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना, शेवटची तारीख परीक्षेच्या पुढची आहे ना, आणि प्रवेशांच्या रकान्यात ‘मल्ट’, म्हणजे अनेकदा ये-जा करता येईल असं, लिहिलंय ना. तारीख कमी पडली तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात मुदत वाढवून घ्यावी लागते आणि त्यांच्या अपॉइंटमेंटा महिना-दोन महिने मिळत नाहीत. सहा महिन्यांच्या मुक्कामात तो खेळ परवडत नाही.

पैशांचं बोलू. जर्मन सरकारला तुझ्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. नेहमीचा मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, ज्यात महिन्याला ९९२ युरो या हिशोबानं रक्कम आधीच भरायची. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सुमारे सहा लाख. पैसे तुझेच राहतात, फक्त दरमहा ९९२ च मिळतात. म्युनिकसारखं महागडं शहर सोडलं तर एवढ्यात भागतं: वसतिगृहाची खोली तीनशे ते साडेचारशे, आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, घरी रांधून जेवण दोनशे ते अडीचशे. शिवाय फी माफ असली तरी सेमिस्टरचं अंशदान भरावं लागतं. ते संस्थेनुसार शंभरापासून साडेतीन-चारशे युरोंपर्यंत असतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-ट्रामचा पास येतो. वर्षाला दहा लाखांच्या आत पाठवलेल्या पैशांवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, कापला जात नाही, तेव्हा ती चिंता नको. तिथे पार्टटाइम काम करून खर्च भागवू, हे मात्र डोक्यातून काढ. कायद्यानं वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण जर्मन न येणाऱ्या मुलीला चार-पाच महिन्यांसाठी कुणी सहसा ठेवत नाही.

खरी ओढाताण पहिल्या महिन्यात होते. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुटायला तिथलं चालू बँक खातं लागतं. खात्यासाठी अनेक बँका पत्त्याची नोंदणी मागतात. नोंदणीसाठी घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं पत्र लागतं, आणि ते पत्र अनामत आणि पहिलं भाडं भरल्यावर मिळतं. म्हणजे पैसे मिळायला आधी पैसे हवेत. म्हणून बाराशे ते पंधराशे युरो ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, फॉरेक्स कार्डवर आणि थोडे रोखीत, जवळ ठेव. दोनशे-अडीचशे युरो रोख पुरे. जर्मनीत अजूनही बेकरीत, छोट्या हॉटेलांत ‘फक्त रोख’ अशी पाटी दिसते.

राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ऑक्टोबरमध्ये सगळेच विद्यार्थी येत असल्यानं तारखा संपलेल्या असतात. नाशिकहून निघण्याआधीच वेळ घेऊन ठेव. नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांनी सरकारी प्रसारणाच्या वर्गणीचं पत्र येतं, घरटी महिन्याला १८.३६ युरो. माझ्याकडे टीव्ही नाही म्हणून ते पत्र कचऱ्यात टाकू नकोस. टीव्ही असो नसो, वर्गणी लागू होते आणि थकली की दंडासह येते. एकाच फ्लॅटमध्ये चौघी राहत असाल तर एकीनं भरायची आणि बाकीच्यांनी तिचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

विम्यात कंजुषी करू नकोस. इथून काढलेली स्वस्तातली प्रवास पॉलिसी व्हिसापुरती आणि पहिल्या दिवसांपुरती ठीक. संस्थेत नाव नोंदवताना मात्र तिथल्या मान्य आरोग्य विम्याचा दाखला मागतात आणि विमा कंपनी तो थेट संस्थेला ऑनलाइन पाठवते. तो पोहोचल्याशिवाय नावनोंदणी होत नाही, नावनोंदणीशिवाय विद्यार्थी ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्राशिवाय ना ग्रंथालय ना बसचा पास.

खोलीसाठी निवडीचं पत्र आल्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज कर. रांग मोठी असते. वसतिगृह मिळालंच नाही तर खाजगी खोली शोधताना एक नियम पाळ: घरमालक सध्या परदेशात आहे, आधी पैसे पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल, असं कुणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबव. त्या जाहिरातींतले फोटो सुंदर असतात, खोली नसते.

वसतिगृहात आपल्या मुलामुलींना भोवतात त्या गोष्टी साध्याच असतात. पहिली फोडणीची. स्वयंपाकघरात बहुधा धुरानं वाजणारा सेन्सर नसतो, तो बाहेरच्या बोळात असतो. मोहरी तडतडली, मिरची पडली, धूर झाला की आपण सवयीनं दार उघडतो, धूर बोळात जातो आणि अख्खी इमारत खाली अंगणात. काही ठिकाणी गजर थेट अग्निशमन दलाला जातो आणि फुकटच्या फेरीचं शेकडो युरोंचं बिल तुझ्या नावावर येतं. म्हणून दार बंद, खिडकी सताड उघडी, तेल मध्यम आचेवर. दुसरी गोष्ट हवेची. थंडी म्हणून आठवडाभर खिडकी लावून ठेवायची, आत कपडे वाळत घालायचे, भात शिजवायचा, की कोपऱ्यातल्या भिंतीवर काळी बुरशी धरते आणि ती साफ करण्याचा खर्च अनामतीतून कापतात. दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची. दिवसभर फट ठेवून काही होत नाही, नुसती खोली गार पडते. आणि किल्ली हरवू नकोस. एकाच किल्लीनं खोली आणि इमारतीचं मुख्य दार उघडत असेल, तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. किल्लीही ज्यात धरलेली आहे असा दायित्व विमा महिन्याला थोड्या युरोंत मिळतो, तो घे.

रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी दूध, ब्रेड, भाजी आणून ठेवायची. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅनमागे २५ सेंट अनामत घेतात, सुपरमार्केटमधल्या यंत्रात परत टाकल्या की पैसे मिळतात; फेकू नकोस. नळाचं पाणी बिनधास्त पी.

आईसाठी बॅगेचं. तूप, पेढे, खव्याचं काहीही, पनीर हे चालत नाही; युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ताजी फळं-भाज्यांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच सुटतात. फेब्रुवारीत कुणी तिकडे येणार असेल तर कौतुकानं द्राक्षांची पेटी देऊ नका, विमानतळावरच जाईल. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून द्या. चिवडा, भाजणी, मेतकूट, लाल तिखट, गोडा मसाला, हिंग खुशाल द्या, पण तिखट आणि लोणचं केबिनच्या बॅगेत नको. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर एक खबरदारी: तिथे खसखस बंदीच्या यादीत आहे आणि घरच्या गोड्या मसाल्यात ती असते. बिनखसखशीचा मसाला वेगळा करा. डाळ-तांदूळ नेऊन वजन वाया घालवू नका, तुर्की आणि आशियाई दुकानांत सगळं मिळतं. कुकर न्यायचाच असेल तर शेगडी कसली आहे ते आधी विचारा. इंडक्शनवर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही, इंडक्शनचा तळ असलेला स्टीलचा लागतो. कॉलेजच्या मेन्झामध्ये, म्हणजे कॅन्टीनमध्ये, रोज एक तरी शाकाहारी पदार्थ असतो. चवीला सपक, पण पोट भरतं.

औषधं तीन महिन्यांपुरती, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह. अँटिबायोटिक तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि सर्दी-तापाला डॉक्टर ती देतही नाहीत. चहा प्या, विश्रांती घ्या म्हणून घरी पाठवतात. चष्मा असेल तर जास्तीचा एक करून घे. दातांचं काही राहिलं असेल तर तेही इथेच उरकून टाक. तातडीला ११२, आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी साध्या दुखण्याला ११६११७.

थंडीचं एवढं मनावर घेऊ नका. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा आपल्या घरात हीटर नसतो. तिथे खोल्या वीस अंशांच्या आसपास उबदार असतात. त्रास होतो ओलाव्याचा आणि अंधाराचा. थर्मलचे दोन जोड इथून ने, जड जॅकेट आणि पाण्यात टिकणारे बूट तिथेच घे. नाशिकमध्ये घेतलेलं जाडजूड जॅकेट बॅग भरवतं आणि पावसात भिजतं.

अभ्यास झेपेल का, हे तू विचारलंस. झेपेल, पण पद्धत वेगळी आहे आणि ती उशिरा कळली तर फटका बसतो. बऱ्याच तासांना हजेरी घेत नाहीत, मधे चालू परीक्षा नाहीत, कुणी हटकत नाही. सगळे गुण शेवटच्या एका परीक्षेवर, बहुधा ९० ते १२० मिनिटांच्या. व्याख्यानात सिद्धांत होतो. परीक्षेत येतं ते ‘युबुंग’मध्ये, म्हणजे गणितं सोडवण्याच्या तासाला. व्याख्यान एखादं बुडालं तर चालेल, युबुंग बुडवू नकोस. जुन्या प्रश्नपत्रिका विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, ‘फाखशाफ्ट’कडे मिळतात. तिथे जाऊन मागायच्या, कुणी आपण होऊन सांगत नाही. प्रयोगशाळेच्या पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती देतात. ती चुकली तर त्या सेमिस्टरला प्रयोगशाळेत घेत नाहीत. आणि सीनियरचं जर्नल उतरवून काढायची सवय नाशिकमध्येच ठेवून जा. तिथे तो फसवणुकीचा प्रयत्न ठरतो आणि विषय थेट ५.० होतो. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. उगाच रिकाम्या वर्गात बसून घाबरू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि एक्स्चेंजची मुलं यातच मार खातात. विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं, असं तिथे नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी करायची. तिची खिडकी बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान काही दिवसच उघडी असते आणि मुदत संपली की प्राध्यापकांनी मनात आणूनही काही होत नाही. एक्स्चेंजच्या मुलांची नोंदणी काही ठिकाणी पोर्टलवर होते, काही ठिकाणी कागदी फॉर्मवर प्राध्यापकांची सही घेऊन. पहिल्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचार आणि तारीख फोनवर टाक. नोंदणी केल्यावर परीक्षेला नुसतंच न जाणं म्हणजे नापास. नाव मागे घ्यायचं तर त्याचीही मुदत असते. नापास झालीस तर फेरपरीक्षा बऱ्याचदा पुढच्या सेमिस्टरला, तेव्हा तू नाशिकमध्ये असशील. चार-पाच विषयांचा सल्ला दिला तो याचसाठी.

एकटं वाटेल का? वाटेल. पहिले तीन आठवडे नाही, तेव्हा कागदपत्रं आणि ओळखींचा धडाका असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळी होऊन गेलेली, साडेचारला अंधार, ग्रुपवर घरच्या फराळाचे फोटो, तेव्हा गाठतं. हे अपेक्षित आहे, तू कमी पडतेस असं नाही. त्याची सोय ऑक्टोबरमध्ये करून ठेवायची असते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे बॅडमिंटनपासून नाचापर्यंतचे वर्ग अगदी थोडक्या फीत असतात. त्यांची नोंदणी ठरावीक मिनिटाला उघडते आणि लोकप्रिय वर्ग बघता बघता भरतात; आधीच लॉगिन करून बस. आठवड्यातले दोन ठरावीक दिवस, ठरावीक माणसं, याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, सणाला जरूर जा. पण चार भारतीय मुलामुलींच्या खोलीतच सगळ्या संध्याकाळी गेल्या तर बाबांचे सहा लाख फुकट गेले असं आम्हीही म्हणू. जुलैपासून नाशिकमध्येच जर्मनचा ए-वन पातळीचा क्लास लाव. वर्गात तो फारसा कामी येणार नाही, पण खिडकीपलीकडचा कारकून ‘गुटेन मोर्गन’नंतर दोन वाक्यं जर्मनमध्ये ऐकली की नरम येतो. झोप उडाली, तास बुडू लागले, असं दोन आठवडे चाललं तर विद्यार्थी सेवेचा मोफत समुपदेशक असतो, त्याच्याकडे जा. घरी रोज रात्री व्हिडिओ कॉलचा शिरस्ता मात्र पाडू नका. नाशिकमध्ये जेवणं उरकून निवांत साडेआठ होतात तेव्हा तुझे दुपारचे चार वाजलेले असतात, म्हणजे तासाची किंवा मैत्रिणींची वेळ. आठवड्यातून दोनदा आणि रविवारी सावकाश, एवढं पुरे.

फिरून घे. तुझ्या व्हिसावर शेंगेनमधल्या बाकीच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. लंडनला वेगळा व्हिसा लागतो.

परतीची आवराआवर जानेवारीत सुरू कर. खोली सोडण्याची नोटीस करारात असेल तितके आठवडे आधी लेखी द्यायची आणि खोली तपासणीची तारीख घ्यायची. फोनचा प्लॅन, विमा, प्रसारण वर्गणी ज्याच्या त्याच्याकडे बंद करायची. नाहीतर तू गंगापूर रोडवर मिसळ खात असताना तिकडे खात्यातून पैसे जात राहतात. नगर कार्यालयात पत्ता रद्द करायचा, निघण्याच्या आधीच्या आठवड्यापासून नंतरच्या दोन आठवड्यांपर्यंत. तो दाखला जपून ठेव, ब्लॉक्ड अकाउंटमधले उरलेले पैसे परत मिळवताना मागतात. अनामत काही आठवडे किंवा महिने उशिरा येते, म्हणून तिथलं बँक खातं लगेच बंद करू नकोस.

गुणपत्रक, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, परीक्षेनंतर महिना-दोन महिन्यांनी तयार होतं. तोपर्यंत इथे आठव्या सेमिस्टरच्या परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आलेली असते. म्हणून निघण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून ‘इतक्या विषयांच्या परीक्षा दिल्या, निकाल बाकी’ असं सहीशिक्क्याचं पत्र घे आणि ते दाखवून इथला फॉर्म तात्पुरता स्वीकारून घे. ट्रान्स्क्रिप्ट त्यांच्या कार्यालयातून थेट आपल्या परीक्षा विभागाच्या ईमेलवर जाऊ दे, त्याची प्रत तुला. पोहोचल्याची पोच आली की स्वतः परीक्षा विभागात जा, सही झालेला सुधारित तक्ता शेजारी ठेव आणि एकेक विषय समोर बसून टिक करून घे.